पेंडीतल्या बुरशीचे विष दुधात कसे उतरते?

नमस्कार. कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिताना आपण म्हशीची जात आणि दुधाची दाट साय यांविषयी भरभरून बोलतो. तिच्या आंबोणात कोणती पेंड पडली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

शेंगा ओल्या असतानाच पोत्यांत भरल्या, किंवा सरकी पावसाळी दमटपणात पडून राहिली, की ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. दाणे घाण्यात गाळले जातात तेव्हा तेल निघून जाते, पण विषाचा बहुतेक भाग पेंडीतच राहतो. वजन घटल्यामुळे किलोमागे त्याचे प्रमाण उलट वाढते. हे विष प्रथम उघडकीस आले तेही पेंडीमुळेच: 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि शोध ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोहोचला.

म्हशीच्या यकृतात अफ्लाटॉक्सिनच्या बी1 या प्रकाराचे एम1 या दुसऱ्या प्रकारात रूपांतर होते आणि ते दुधात उतरते. दुधात एम1 किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असा आपल्याकडचा अन्नसुरक्षा नियम आहे. समजा, पेंडीत किलोमागे 200 मायक्रोग्रॅम बी1 आहे, म्हैस रोज दोन किलो पेंड खाते आणि त्यातले दोन टक्के एम1 होऊन दुधात येते. मग आठ लिटर दुधात आठ मायक्रोग्रॅम, म्हणजे लिटरमागे एक, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. हे प्रमाण जनावरागणिक बदलते, पण हिशेब असाच चालतो.

दूध उकळून हे विष जात नाही, आणि पेंड उन्हात टाकून बुरशी झटकल्यानेही जात नाही. बुरशी मेली तरी तिने केलेले विष पेंडीत तसेच राहते. म्हणून पेंड दिसायला स्वच्छ आहे, एवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. बुरसट पेंड चांगल्या पेंडीत मिसळून 'खपवण्याची' रीत तर त्याहून वाईट.

राधानगरी, गगनबावड्याकडच्या पावसात पोती थेट फरशीवर किंवा भिंतीला लावून ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्या असाव्यात आणि दोन-तीन महिन्यांचा साठा करण्याऐवजी थोडी थोडी पेंड आणावी. शंका आल्यास नमुना पोत्याच्या एका कोपऱ्यातून न घेता अनेक पोत्यांतून घ्यावा, कारण विष सगळीकडे सारखे पसरलेले नसते. पेंड दूषित निघाली, तर ती लगेच बंद करावी. काही दिवसांतच दुधातले एम1 झपाट्याने उतरते.