चूक, बरोबर आणि ‘सांगता येत नाही’

शिक्षक बंधुभगिनींनो,

‘चूक की बरोबर ते लिहा’ हा प्रश्न आपण सगळेच काढतो. काढायला सोपा, तपासायला त्याहून सोपा. पण पाच विधाने दिली आणि मुलाने उतारा उघडलाच नाही, नुसती डोळे मिटून उत्तरे लिहिली, तरी तीन किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता बरोबर निम्मी असते. म्हणजे पाचपैकी तीन गुण मिळवणाऱ्या मुलाला वाचता येते की नाही, हे त्या गुणांवरून आपल्याला कळत नाही. तरीही हा प्रश्नप्रकार टाकून द्यावा असे मला वाटत नाही. तो नीट घडवला तर आकलनासाठी फार उपयोगी आहे, आणि सर्वांत जास्त उपयोगी तिथे, जिथे उताऱ्यात एखादी घटना कधी घडली हे सांगितलेले असते. आज तेवढ्याच विषयावर बोलतो.

एक छोटा उतारा वाचतो. सहावी-सातवीला चालेल असा आहे.

‘शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. या दिवशी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. इंग्रजी तारीख होती ६ जून १६७४. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या वेळी गडावर हजर होता. पुढे अकराच दिवसांनी पाचाड येथे जिजाबाईंचे निधन झाले.’

यावर आपण सवयीने कोणते विधान काढतो? ‘राज्याभिषेक १६७५ साली झाला.’ मूल आकडा शोधते, शेवटचा अंक जुळत नाही हे पाहते आणि ‘चूक’ लिहून मोकळे होते. वाक्य त्याने वाचलेलेच नसते.

आता दुसरे विधान घ्या. ‘राज्याभिषेक झाला तेव्हा जिजाबाई हयात होत्या.’ उताऱ्यात हे वाक्य कुठेही नाही. ‘पुढे अकराच दिवसांनी’ हे शब्द धरून मुलाला मागे यावे लागते, तेव्हा ‘बरोबर’ हे उत्तर हाती लागते. तिसरे विधान, ‘जिजाबाईंचे निधन जून महिन्यात झाले.’ सहात अकरा मिळवले की सतरा, म्हणजे जूनच. चौथे, ‘जिजाबाईंचे निधन वद्य पक्षात झाले.’ घरात कालनिर्णय लटकलेले असते, पण पौर्णिमेनंतर वद्य पक्ष लागतो हे कितीतरी मुलांना कुणी सांगितलेले नसते. ते सांगा आणि मग मोजू द्या. त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा, तिथून पुढे वद्य प्रतिपदा. तिथीचा क्षय-वृद्धीचा एखाददुसरा दिवस सोडला तरी अकराव्या दिवशी आपण वद्य पक्षात खोल गेलेले असतो. ती तिथी होती वद्य नवमी. इथे मूल उतारा वाचते आहे, गणित करते आहे आणि पंचांगही शिकते आहे, तेही एका ओळीच्या विधानावर.

पाचवे विधान मुद्दाम शेवटी ठेवले आहे. ‘जिजाबाईंनी राज्याभिषेकाचा सोहळा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.’ सगळा वर्ग एका सुरात ‘बरोबर!’ म्हणतो. मग विचारायचे, कोणत्या ओळीत आहे? बोट ठेवून दाखव. मुले पुन्हा वाचतात. कुणी म्हणते, ‘सर, पाचाड गडाच्या पायथ्याशीच आहे.’ कुणी म्हणते, ‘आई मुलाच्या राज्याभिषेकाला जाणार नाही का?’ दोन्ही मुद्दे चांगले आहेत आणि दोन्ही उताऱ्याबाहेरचे आहेत. उतारा सांगतो की त्या हयात होत्या. त्या दिवशी त्या कुठे होत्या, याबद्दल त्यात एक शब्दही नाही. तेव्हा एवढ्याच उताऱ्यावरून या विधानाचे उत्तर ‘सांगता येत नाही’ असेच येते.

हा तिसरा पर्याय आपल्या वर्गात यायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. एकेका विधानाचे उत्तर डोळे मिटून बरोबर येण्याची शक्यता त्याने निम्म्यावरून एक तृतीयांशावर येते, हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा की आपल्याला आधीपासून ठाऊक असलेले आणि समोर लिहिलेले, या दोन गोष्टी मूल वेगळ्या करायला शिकते. इतिहासाच्या बाबतीत तर हे शिकवणे आपले कर्तव्यच आहे, कारण मराठी मूल शाळेत येते तेच डोक्यात गोष्टी घेऊन.

पानिपतचे उदाहरण पाहा. ‘१४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी या दिवशी पानिपतची लढाई झाली’ एवढे वाक्य द्या आणि विधान लिहा, ‘लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशी झाली.’ वर्गातली हुशार मुले सर्वांत आधी फसतात, कारण १४ जानेवारी म्हणजे संक्रांत हे त्यांना पाठ असते. शिवाय ‘पानिपतावर संक्रांत कोसळली’ हे आपण मोठी माणसेच बोलत आलो. वाक्यात मात्र संक्रांतीचे नाव नाही. आणि खरी गोष्ट अशी की त्या वर्षी संक्रांत १४ जानेवारीच्या काही दिवस आधीच होऊन गेली होती. ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या इंग्रजी तारखेच्या हिशेबात संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. हे स्पष्टीकरण उत्तर लिहून झाल्यावर द्या, आधी देऊ नका. आधी मुलाला म्हणता आले पाहिजे, ‘उताऱ्यात हे नाही.’

हे वाक्य आणि आधीचा उतारा मिळून आणखी एक विधान. ‘राज्याभिषेकापासून पानिपतच्या लढाईपर्यंत ८७ वर्षे पूर्ण झाली होती.’ १७६१ मधून १६७४ वजा केले की ८७ येतात, म्हणून मुले ‘बरोबर’ लिहितात. पण जून अजून यायचा होता. पूर्ण झाली होती ८६. इथे नुसत्या सनावर भागत नाही, महिना वाचावाच लागतो.

वरच्या वर्गांना थोडे पुढे नेता येते. १६७४ साली इंग्रज जुनी ज्यूलियन दिनदर्शिका वापरत होते. ती त्यांनी १७५२ मध्ये बदलली, आणि त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. म्हणून राज्याभिषेकाची ६ जून ही जुन्या पद्धतीची तारीख आहे, आजच्या पद्धतीने ती १६ जून होते. पानिपतची १४ जानेवारी मात्र नव्या पद्धतीची. दहावीच्या मुलांना हे सहज समजते आणि आवडतेही. रायगडावर राज्याभिषेक दिन तारखेने एकदा आणि तिथीने एकदा साजरा होतो, हे त्यांनी दरवर्षी बातम्यांत पाहिलेले असते.

तपासण्याबद्दल दोनच गोष्टी. नुसत्या ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ला गुण देऊ नका. आधाराचे शब्द उताऱ्यात अधोरेखित केले असतील तरच गुण. आणि विधान चुकीचे असेल तर ते दुरुस्त करून लिहायला सांगा, पण शेवटी ‘नाही’ जोडून केलेली दुरुस्ती मान्य करू नका. ‘८७ वर्षे पूर्ण झाली नव्हती’ लिहिणाऱ्या मुलाला किती झाली होती हे कळले आहे का, ते आपल्याला समजत नाही. ‘सांगता येत नाही’ लिहिले असेल, तर काय कळले असते म्हणजे सांगता आले असते, हे एका वाक्यात विचारा. जिजाबाईंच्या विधानावर एका मुलीने लिहिले होते, ‘त्या दिवशी गडावर असलेल्या कोणी लिहून ठेवले असेल तर ते वाचावे लागेल.’ सातवीतल्या मुलीने इतिहासाचे साधन म्हणजे काय ते ओळखले होते. मी तिला पूर्ण गुण दिले.

यात वेळ जातो, हे खरे आहे. दहा विधानांऐवजी चारच होतात. होऊ द्या.

आता तुमच्या हातातल्या कागदावरचा उतारा पाहा. महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, ही जेधे शकावलीतली, म्हणजे जेधे घराण्याच्या सालवार नोंदींतली, नोंद त्यात आहे. शेजारी नियम दिला आहे की शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. खाली चार विधाने आहेत. पहिले, ‘हे इसवी सनाचे १६२९ वे वर्ष होते.’ आधी प्रत्येकाने एकट्याने सोडवा, शेजाऱ्याशी बोलू नका. चौथ्या विधानावर आपल्यातच मतभेद होतील असा माझा अंदाज आहे. दहा मिनिटांनी तिथूनच सुरुवात करू.