गळ्यातली ग्रंथी आणि डोळ्याचा पडदा

श्रोतेहो, नमस्कार.

मधुमेहाच्या काही रुग्णांच्या घरी दोन फायली असतात, एक साखरेची आणि दुसरी थायरॉइडची. डोळे तपासायला निघताना दुसरी फाइल कपाटातच राहते, कारण गळ्यातल्या ग्रंथीचा डोळ्याशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. संबंध आहे, मात्र तो जेवढा आहे तेवढाच सांगितलेला बरा.

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना सूक्ष्म फुगे येतात, त्यांतून रक्त आणि पाणी पाझरते, आणि पुढे जिथे रक्त पोहोचत नाही तिथे नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात, ज्या केव्हाही फुटू शकतात. थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले तर वाईट कोलेस्टेरॉल वाढते, खालचा रक्तदाब चढू शकतो आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराचे काम मंदावते. म्हणजे जाळे तेच, त्यावर ओझे मात्र आणखी एक. टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे मेंदूतल्या ग्रंथीचे संप्रेरक) वाढलेले, पण टी-४ (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) अजून मर्यादेत, अशी छुपी कमतरता असलेल्या मधुमेहींमध्ये पडद्याचा आजार अधिक आढळतो, असे काही अभ्यासांत दिसले आहे. तेवढ्यावरून थायरॉइडची गोळी घेतल्याने पडदा सुधारतो, असा अर्थ कोणी काढू नये. दोन गोष्टी एकत्र आढळणे वेगळे आणि एकीमुळे दुसरी होणे वेगळे.

रिपोर्ट वाचतानाही एक गफलत होते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी लाल पेशींवर बसलेली साखर मोजते. थायरॉइड मंद असेल तर नव्या लाल पेशी कमी तयार होतात, जुन्या पेशींचे प्रमाण वाढते, आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा थोडा जास्त येऊ शकतो. थायरॉइडचे उपचार सुरू झाल्यावर तो उतरला, तर ते सगळे श्रेय पथ्याला देऊन मोकळे होऊ नये.

पडद्याचा आजार सुरुवातीला दुखत नाही आणि दिसण्यातही फरक पडत नाही. म्हणून टाइप २ मधुमेहाचे निदान होताच, आणि टाइप १ असल्यास पाच वर्षांच्या आत, बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. त्या थेंबांनी काही तास जवळचे अक्षर पुसट दिसते आणि उन्हाकडे बघवत नाही, तेव्हा स्कूटर स्वतः चालवत जाऊ नये.

थायरॉइडचे संप्रेरक वाढलेल्या काही रुग्णांचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, तो आजार मात्र अगदी निराळा. आयर्लंडचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात पडदा नव्हे, तर डोळ्यामागचे स्नायू आणि चरबी सुजते. धूम्रपानाने तो बळावतो. हा आजार आणि मधुमेह यांची गाठ पडते ती उपचारात. ही सूज उतरवण्यासाठी अनेकदा स्टेरॉइड द्यावे लागते, आणि स्टेरॉइडने साखर भराभर चढते. म्हणून मधुमेह असलेल्याने, पहिला डोस घेण्यापूर्वीच, आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करून इन्सुलिनचे किंवा गोळ्यांचे प्रमाण बदलायचे का, हे विचारून घ्यावे.