गाडीचा ‘मुद्देमाल’ कसा होतो?

नमस्कार मंडळी. आधी एक वाक्य वाचून दाखवतो.

[कागद कॅमेऱ्यासमोर धरून]

“...कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझे संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने, स्वतःचे फायद्याकरिता चोरून नेली आहे.”

हे वाक्य माझं आहे म्हणे. खाली सही माझीच आहे. झालं असं, की रंकाळ्यावर गाडी लावून भेळ खायला गेलो, परत येतोय तर गाडी गायब. पोलीस ठाण्यात गेलो. कुठल्या ते राहू दे, उगाच कशाला. टेबलामागच्या हवालदारांना म्हणालो, “साहेब, माझी गाडी उचलली कुणीतरी.” एवढंच. त्यांनी दोन बोटांनी टकटक टाइप केलं, प्रिंट माझ्यापुढं सरकवली. “वाचा आणि सही करा.”

‘लबाडी’ हा शब्द मी शेवटचा वापरला तो गोट्या खेळताना. मला हसू आलं. हवालदार म्हणाले, “हसू नका, त्यातला एक शब्द काढला तर चोरटा सुटतो.”

घरी येऊन बघितलं, तर त्यांचं बरोबर होतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 303 म्हणजे चोरी. मित्रानं तुम्हाला सांगून गाडी नेली तर ती चोरी नाही, म्हणून ‘संमतीशिवाय’. पार्किंगमध्ये तशीच दिसणारी दुसऱ्याची गाडी चुकून कुणी नेली तर तीही चोरी नाही, म्हणून ‘लबाडीच्या इराद्याने’. म्हणजे हे वाक्य अगडबंब दिसतं खरं, पण वकिलाला शिरायला जागा राहू नये म्हणून एकेक फट बुजवलेली आहे. आपण ‘उचलली’ म्हणतो, त्यात यातलं काहीच येत नाही.

‘माझे संमतीशिवाय’ मात्र मला अजून खटकतं. आपण ‘माझ्या’ म्हणतो. जुन्या दफ्तरी मराठीतलं हे ‘माझे’, ‘स्वतःचे’ अजून तिथंच मुक्कामाला आहे. आणि ‘सदर’! एका पानात सहा वेळा सदर. त्याला काही माफी नाही.

आता खरी गंमत शब्दांच्या पोटात आहे. ‘फिर्याद’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. आता एक छापील नमुना झालाय, रकाने भरायचे. ‘इसम’ अरबीतून आला, तिथं त्याचा अर्थ ‘नाव’. म्हणजे ‘अज्ञात इसम’ म्हणजे खरं तर ‘माहीत नसलेलं नाव’. आपण नावाचा माणूस करून टाकला.

पण माझा सगळ्यात आवडता शब्द वेगळाच आहे. सकाळी पेपर उघडा: ‘दुचाकी चोरटे जेरबंद’. आपल्याला वाटतं, जेलबंदचाच भाऊ असेल. नाही. जेरबंद हा घोड्याच्या साजातला पट्टा. घोड्यानं डोकं वर उडवू नये म्हणून लगामापासून खाली, पुढच्या दोन पायांमधून, पोटाच्या पट्ट्याला बांधतात तो. फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली. आपल्याकडं अजून घोडागाडीच्या शर्यती लागतात, तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून बघा. घोडा गेला, पट्टा गेला, चोरटा तेवढा अजून जेरबंद होतोय.

काही शब्दांचा तर हुद्दाच घसरलाय. पन्हाळ्यावर फिरायला जाता ना? शिवकाळात गडाचा हवालदार म्हणजे गडाच्या मुख्य अधिकाऱ्यांपैकी एक, किल्ल्या त्याच्या ताब्यात. ‘हवाला’ ज्याच्याकडं, तो हवालदार. मोगलाईत फौजदार फौज बाळगून मुलूख सांभाळायचा. आज फौजदार म्हणजे पीएसआय, खांद्यावर दोन स्टार.

मग कुणी म्हणेल, हे फारसी-अरबी काढून टाका, सोपं मराठी लिहा. हा वाद जुना आहे, आणि त्यातला एक मोठा माणूस आपल्याच राजाराम कॉलेजात प्राध्यापक होता: माधव जूलियन, म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन. 1925 साली त्यांचा फारसी-मराठी कोश आला. आणि पुढं तेच भाषाशुद्धीच्या बाजूनं उभे राहिले! त्या चळवळीचं थोडं चाललंही. कागदावर ‘दिनांक’ आला. पण हवालदारांनी मला विचारलं काय? “तारीख काय होती?” आणि लिहिलं ‘दि.’ आता ‘पंचनामा’ घ्या. पंच आपले, नामा फारसी. यातलं काय काढणार आणि काय ठेवणार? शिवाय तो शब्द आता पोलिसांचाही राहिला नाही. लग्नात जेवण कमी पडू दे, आत्या सगळ्यांसमोर पंचनामा करतात.

उलटंही होतं. कायदा बदलतो आणि बोलणं तिथंच थांबतं. भारतीय दंड संहिता 1 जानेवारी 1862 पासून लागू होती, 1 जुलै 2024 ला न्याय संहिता आली. फसवणुकीचं 420 आता 318 झालं. नव्या संहितेत कलमंच 358 आहेत, म्हणजे चारशेविसावं कलम शिल्लकच नाही. पण एखाद्याला ‘लई तीनशेअठरा माणूस हाय’ म्हणून बघा, कोण ओळखणार? खुनाचं 302 आता 103. नवीन 302 आहे धार्मिक भावना दुखावणाऱ्या बोलण्याचं. माझ्या ओळखीचे एक हवालदार लिहिताना एकशेतीन लिहितात आणि चहा पिताना तीनशेदोनच म्हणतात.

हां, गाडी. सापडली. दीड महिन्यानं फोन आला, “तुमचा मुद्देमाल आलाय.” मला आधी कळेचना, माझा कसला मुद्देमाल? ‘मुद्दा’ म्हणजे ज्यावर दावा आहे ते. चोरट्याकडून जप्त झाल्यापासून ती गाडी नव्हती, पुरावा होती. कोर्टात अर्ज केला, सुपूर्तनाम्यावर सही केली. खटला संपेपर्यंत विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावतील तेव्हा हजर करायची.

गाडी दारात लावली. आई आतूनच ओरडली, “आला का रे मुद्देमाल?”