एकीकडून जळणारी बिडी, सिगार आणि छाट

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची सारी मंडळी, आणि मागे दारापाशी उभ्या बाया, तुम्ही समोर या ना, खुर्च्या रिकाम्या आहेत, आजचा विषय तुमचाच आहे. पत्रिकेत छापलंय सिगार एकसारखी का जळत नाही, कारणं आणि उपाय. आधीच सांगून ठेवतो, मी कोणाला ओढायला सांगायला आलो नाही, तंबाखूनं माणसं मरतात आणि आपल्या भागात तोंडाच्या कॅन्सरचं एकतरी माणूस पाहिलं नाही असं घर सापडणं कठीण. पण ज्या गावात अर्ध्या ओसऱ्यांवर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळल्या गेल्या, त्या गावानं हे जळणं कसं चालतं ते समजून घ्यायला पाहिजे, कारण त्या एका गोष्टीवरून आपल्या बायांची मजुरी कापली गेलीय, अन् तेच सांगायला मी आलोय.

1966 चा कायदा होता, बिडी आणि सिगार कामगार कायदा, 2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. नावातच दोन्ही एकत्र बसले होते. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की कच्चा माल देण्यावरून, माल नापास करण्यावरून किंवा नापास मालाच्या मजुरीवरून वाद झाला तर त्याचा निकाल नेमलेल्या अधिकाऱ्यानं लावायचा. म्हणजे छाट, वळलेली बिडी नापास म्हणून काढून टाकणं, हा भांडणाचा मुद्दा आहे हे सरकारला तेव्हाच माहीत होतं. आता सांगा, इथं कोणी कधी त्या अधिकाऱ्याकडे गेलं? कोणी नाही. कारण गेलं तर दुसऱ्या दिवशी पान-तंबाखू मिळत नव्हतं, विषयच संपला.

माझी माय वळायची. संध्याकाळी सूप डोक्यावर घेऊन ठेकेदाराकडे जायची, मी मागे मागे. तिथं चेकर बसायचा, गादीवर, समोर टोपली. तो कट्टा, म्हणजे बिड्यांची जुडी, हातात घेऊन अंगठ्यानं दाबायचा, एक एक बिडी बोटानं फिरवून बघायचा, तोंड नीट दुमडलंय का, धागा ढिला आहे का, आणि मनात आलं की मूठभर उचलून टोपलीत. माय काही बोलली नाही तर ठीक. बोलली तर तो त्यातली एक पेटवायचा, दोन झुरके घ्यायचा आणि तिच्यासमोर धरायचा, "पाय बाई, एकीकडून चालली, हे गिऱ्हाइकाले देऊ का?" खरंच, एका बाजूनं विस्तव पुढं धावलेला असायचा आणि दुसऱ्या बाजूला पान तसंच हिरवट-तपकिरी उभं. मग त्या एका बिडीवरून सारी मूठ छाट. आणि बरं का, छाट म्हणून टाकलेली बिडी परत मिळत नव्हती. ती तिथंच राहायची आणि तिचं पुढं काय व्हायचं ते सगळ्या गावाला माहीत होतं, कारण तीच सुटी बिडी बाजाराच्या दिवशी स्वस्तात मिळायची.

माय एकच गोष्ट म्हणायची, "पान पायलं का भाऊ तुमी, मांगच्या सालचं हाय, अन् तंबाखूत सारे दांडे हायेत, मी कायचं सरळ वळू?" तेव्हा मला वाटायचं ती कारण सांगून राहिली. पुढं शेतकी शाळेत शिकवायला लागलो, तंबाखूच्या पानाचं जळणं हा विषय वाचायला घेतला, आणि एक एक पान उलटताना लक्षात आलं की माय शब्द न् शब्द बरोबर बोलत होती.

बिडीचं पान म्हणजे तेंदू. फेब्रुवारी-मार्चात झुडपं छाटतात म्हणून नवं मऊ पान फुटतं, उन्हाळ्यात तोडतात, आपल्याकडे 70 पानांचा पुडा बांधून फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवर, वाळवायला टाकतात, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, इथल्या निम्म्या लोकांचे हात त्यात काळे झालेत. वाळवताना पाऊस आला की पानावर डाग पडतो, बुरशी लागते, मग तेच पान वळणारीला वजनावर मिळतं. ती ते रात्रभर भिजवून गोणपाटात दाबून ठेवते, पत्र्याचा साचा ठेवून कातरीनं कापते, जाड शीर खरवडते. शीर एका बाजूला राहिली की ती बाजू मागे पडते. तंबाखूत दांड्याचा तुकडा असला की त्याच्या बाजूला पोकळी राहते आणि विस्तव त्या पोकळीतून पळतो. आणि तेंदूचं पान मुळातच कागदासारखं हवा आत घेत नाही, म्हणून बिडी लवकर लवकर ओढावी लागते, नाहीतर विझते. ओढणारा बोलत बसला आणि बिडी विझली, यात वळणारीचा काय दोष? पावसाळ्यात तर सगळंच ओलं, भट्टीतून बरोबर शेकून निघाली नाही तर बिडी एकीकडून जळणारच, आणि भट्टी ठेकेदाराची. पण छाट वाढायची ती मायच्या सुपातली, आणि हे एवढं मी चाळीस वर्षं लोकांना सांगून राहिलो, आता इथं सांगतोय, आणि सांगत राहीन.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली, दहा मिनिटं उरली म्हणतात. सिगारवर येतो, तेच छापलंय पत्रिकेत.

सिगारमध्ये कागद नाही, सारी पानंच. आत भरण, त्यावर बांधणीचं पान, सगळ्यात वर देखणं गुंडाळणीचं पान. झाडाच्या शेंड्याकडचं पान जाड, तेलकट, कडक, हळू जळणारं, त्याला लिगेरो म्हणतात, आणि चांगला वळणारा ते बरोबर मधोमध ठेवतो. ते एका बाजूला सरकलं की ती बाजू मागे राहते, दुसरी पुढं जाते आणि टोक नवेगावच्या तलावातल्या डोंग्यासारखं होतं. याच्या उलट कधी कधी आतलं भरण पुढं जळत जातं आणि बाहेरचं पान तसंच राहतं, नुसता बोगदा. ते बहुतेक वेळा बाहेरचं पान ओलं असल्यानं, नाहीतर झुरके फार वेळानं घेतल्यानं होतं.

ओलावा हेच मुख्य कारण, लिहून घ्यायचं असेल तर एवढंच लिहा. सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ती 20 च्या खाली जाते आणि श्रावणात 85 च्या वर. जहाजावर नोकरीला असलेल्या एका मित्रानं मला सिगारींचा डबा आणून दिला होता, उन्हाळ्यात कूलरच्या खोलीबाहेर राहिला, आठवड्यात वरचं पान उभं तडकलं, आणि जिथं तडकलं तिथून विस्तव धावत सुटला. म्हणून घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि आत ओलावा मोजायचा छोटा काटा ठेवा. तो काटा खरा आहे का ते तपासायचं तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थोडं पाणी टाकून ओलं करा, वितळवू नका, काट्यासकट पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. काटा 75 दाखवायला पाहिजे, कारण ओल्या मिठावरची हवा तिथंच थांबते. कमी-जास्त दाखवला तर तेवढा फरक धरून चालायचं.

पेटवताना ज्योत टोकाला लावू नका, थोडी खाली धरा, सिगार फिरवत सगळं टोक आधी शेका, मग ओढा. अर्ध्या वाकड्या सिगारींचं मूळ या पहिल्या मिनिटात असतं. पंख्याखाली बसू नका. साधारण मिनिटाला एक झुरका, घाई केली की तापते. एक बाजू मागे पडलीच तर ती बाजू खाली करून धरा, खाली ताजी हवा जास्त मिळते, बऱ्याचदा आपोआप बरोबरी होते. नाही झाली तर मागच्या बाजूला जरा ज्योत दाखवा, किंवा पुढं पळणाऱ्या कडेला ओलं बोट लावा.

शेतकऱ्यांसाठी शेवटचं, घाईत. पानाचं जळणं जमिनीतूनच ठरतं. पानात पोटॅश असलं की ते नीट जळतं, क्लोरीन जास्त झालं की विझत विझत जळतं. म्हणून तंबाखूला पोटॅश द्यायचं तर सल्फेटचं देतात, म्युरेट देत नाहीत, म्युरेटमध्ये क्लोराइड असतं. आपल्या धानाला, कापसाला म्युरेट चालतं. पण म्हणजे बघा, जे पान शेतातच बिघडलं ते कोणाच्याही बोटांनी वळलं तरी सरळ जळणार नाही, आणि ठेकेदाराकडून माल घेताना ज्या बायांना अजून बिडी वळायची आहे त्यांनी पान आणि तंबाखू तिथंच उघडून बघावं, दांडे वेगळे काढून चेकरसमोर ठेवावे, डाग पडलेलं पान परत करावं, आणि परत घेत नसेल तर तारीख टाकून वहीत लिहून त्याची सही मागावी.