तट, बाण आणि मग तलवार : कोरियाचे किल्ले आणि ह्वानदो

(दृश्य : दगडी तटावरून सरकणारा कॅमेरा. खाली आधुनिक शहर.)

कोरियन मालिका बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र पक्कं बसलेलं असतं. नायकाच्या हातात किंवा पाठीवर तलवार, कौलांवरून धाव आणि क्षणात पातं बाहेर. जोसॉन राजवटीतला खरा शिपाई तलवार अशी वागवत नसे. त्याची ह्वानदो डाव्या कमरेला टांगलेली असे, आणि तीही मूठ मागे, टोक पुढे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, घाईघाईत उलटी बांधली. ती तशी का, हे कळायला आधी तट बघावा लागतो. तेव्हा सुरुवात डोंगरापासून करू.

(दृश्य : धुक्यातली डोंगररांग, कड्याच्या धारेवरून गेलेला तट.)

कोरियाचा सुमारे ७० टक्के मुलूख डोंगराळ. गावं खाली, गड वर. शत्रूची चाहूल लागली की उभं पीक कापायचं नाहीतर जाळायचं आणि माणसं, गुरं, धान्य घेऊन वर चढायचं. या रीतीला ‘छॉंगया’ म्हणतात, म्हणजे रान साफ करणं. लांबून आलेल्या मोठ्या फौजेला खायला काही मिळू द्यायचं नाही आणि हिवाळ्याची वाट बघायची, एवढाच डाव. कोरियातलं प्राचीन गोगुर्यो राज्य याच डावावर चीनच्या बलाढ्य फौजांशी झुंजलं.

गडांचे ढोबळ प्रकार दोन. ‘तेम्वे’ गडाचा तट शिखराभोवती कपाळपट्टीसारखा फिरतो. तो लहान असतो, लवकर बांधून होतो, पण वर पाण्याची बोंब. दुसरा ‘फोगोक’. त्याचा तट धारेधारेनं जातो आणि अख्खी दरी पोटात घेतो. आत झरा, तळी, कोठारं, हजारो माणसांना जागा. मात्र दरीतलं पाणी कुठूनतरी बाहेर पडणारच, आणि नेमकी तीच जागा गडाचं दुखणं होते. तिथं तटाखालून दगडी मोरी काढतात. मोरी अरुंद झाली तर एका मोठ्या पावसात तट फुटतो, रुंद झाली तर तिच्यातून माणूस आत शिरतो.

(दृश्य : तटाच्या दगडांचा जवळून फोटो. एक दगड निखळलेला, आतली रचना दिसते.)

हा दगड नीट बघा. बाहेरून चौकोनी दिसतो, पण आत निमुळता होत गेलाय, पाचरीसारखा. गोगुर्योच्या पाथरवटांची ही खास पद्धत. दर्शनी दगडाचं रुंद तोंड बाहेर, शेपूट आत, आणि दोन शेपटांच्या फटीत लांबट दगड घट्ट बसवलेले. चुना नाही. त्यामुळे तोंडाचा एखादा दगड गळून पडला तरी मागची गुंफण उभी राहते. तळाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत घेतात, म्हणजे भिंत डोंगराकडे रेलते. पायाचा खडक ओबडधोबड असला तर खडक तासत बसायचं नाही. वर बसणाऱ्या दगडाचाच तळ त्या खडकाच्या उंचवट्यांबरहुकूम कोरायचा. या कामाला ‘ग्रेंगी’ म्हणतात. शिल्ला या दुसऱ्या प्राचीन कोरियन राज्यानं इ.स. ४७० मध्ये बोउनजवळ बांधलेल्या गडाची तऱ्हा वेगळी. तिथं चपटे दगड, एक थर आडवा, एक उभा, असे विटांसारखे रचलेत. बांधायला तीन वर्षं लागली म्हणून नाव सामन्यॉन, म्हणजे ‘तीन वर्षं’.

हे तट पाडायला शत्रूच लागतो असं नाही. पावसाचं पाणी मागच्या भरावात मुरतं, थंडीत गोठून फुगतं, उन्हाळ्याच्या तोंडाशी वितळतं. दरवर्षी दगड केसभर पुढे सरकतो आणि एक दिवस तटाचं पोट सुटतं. दुरुस्ती करणाऱ्यांचा शब्दही हाच आहे : ‘बेबुरुम’, पोट भरलेलं असणं. सुटलेलं पोट बाहेरून दाबून आत जात नाही. तेवढा भाग उतरवायचा, दगडांवर क्रमांक घालायचे, मागची माती बदलायची आणि पुन्हा रचायचं. दुसरा इलाज नाही.

(दृश्य : तटातून पुढे आलेला चौकोनी बुरूज, आकाशातून.)

सरळ तटाची एक मोठी खोड असते. शत्रू पायथ्याला येऊन चिकटला की वरून दिसत नाही, आणि वाकून बघायला जाल तर बाण खाल. म्हणून ठरावीक अंतरावर तटातून चौकोनी बुरूज पुढे काढतात, तो ‘ची’. दोन चींच्या मधला माणूस दोन्हीकडून माऱ्यात सापडतो. ची म्हणजे फेजंट पक्षी. अंग झाकून, मान तेवढी बाहेर काढून टेहळणारा, म्हणून हे नाव.

दरवाज्यापुढे ‘ओंगसॉंग’. ओंग म्हणजे मातीचा रांजण. आपल्याकडची गोमुखी रचना वाट वळवून दरवाजा बुरजांच्या आड लपवते. इथं दरवाज्यापुढे अर्ध्या रांजणासारखी गोल भिंत उभी करतात. बाहेरच्या वाटेनं आत शिरलेला शत्रू रांजणाच्या तळाशी उभा असतो आणि काठावर सगळीकडून धनुष्यं.

तटबंदी किती टिकते, याची गोष्ट इ.स. ६४५ ची. चीनचा थांग सम्राट ताइत्सोंग यानं गोगुर्योच्या आन्सी गडाला वेढा घातला. तट फुटेना, तेव्हा शेजारी मातीची टेकडी उभारायला घेतली. इतिवृत्तं सांगतात, साठ दिवस काम चाललं आणि पाच लाख माणूस-दिवस खर्ची पडले. टेकडी तटाहून उंच झाली आणि ढासळून तटावरच कोसळली. तटाला भगदाड पडलं, पण त्या भगदाडातून बाहेर आले ते आतले लोक. त्यांनी टेकडीच काबीज केली. थंडी वाढत होती, रसद आटत होती. सम्राट परत फिरला.

(दृश्य : धनुष्य उतरवलेलं, उलटं वळून वर्तुळ झालेलं.)

तटावरचं खरं हत्यार हे. ‘गाकगुंग’, शिंगाचं धनुष्य. पोटाला पाणम्हशीचं शिंग, मध्ये बांबू, टोकांना तुतीचं लाकूड, पाठीला बैलाच्या स्नायूंचे तंतू. सगळं चिकटवायला माशाच्या फुग्याचा सरस, आणि वरून भूर्जाच्या सालीचं वेष्टन. दोरी काढली की ते उलट्या बाजूला वळून जवळजवळ गोल होतं. दोरी चढवण्याआधी ते मंद आचेवर शेकून हळूहळू वाकवावं लागतं. घाई केली, एक बाजू जास्त तापली, तर हात पिळवटतो आणि दोरी निसटते. आजही कोरियात तिरंदाजीचं लक्ष्य १४५ मीटरवर असतं.

याचा शत्रू दमट हवा. सरस ओल धरतो आणि धनुष्य मऊ पडतं. ही किरकोळ अडचण नव्हे. १३८८ मध्ये सेनापती ई सॉंग-ग्ये याला चीनच्या बाजूला स्वारीवर धाडलं, तेव्हा त्यानं मोहीम नको म्हणून चार कारणं दिली. त्यातलं एक : पावसाळा आहे, धनुष्यांचा सरस सुटतो आणि सैन्यात रोगराई पसरते. तो नदीतल्या बेटावरून मागे वळला, राजधानी घेतली आणि चार वर्षांनी जोसॉन घराणं स्थापलं.

याच धनुष्यावरून ‘प्यॉनजॉन’ही सोडत. हा आखूड बाण ओढायला पुरत नाही, म्हणून तो बांबूच्या अर्ध्या चिरलेल्या नळीत ठेवून सोडतात. बाण हलका, वेग जास्त, हवेत दिसायला कठीण. आणि नळीशिवाय शत्रूला तो उचलून परत मारता येत नाही.

(दृश्य : समुद्रकिनारा, मग बंदुकीच्या वातीचा जवळून शॉट.)

१५९२ मध्ये जपानी फौज बुसानला उतरली आणि तीन आठवड्यांच्या आत राजधानी पडली. बंदुका होत्याच, पण तटांचंही चुकलं होतं. युद्धकाळातला मंत्री र्यू सॉंग-र्योंग यानं नंतर सडेतोड लिहून ठेवलंय. माणसं जास्त मावावीत म्हणून किल्ले ऐसपैस वाढवले. चिंजूचा गड कड्यावरून खाली सपाटीवर पसरवला आणि शत्रू नेमका त्या बाजूनं शिरला. शिवाय तटांना ची पुरेशा नव्हत्या. वरून गोळ्यांचा मारा चालू असताना तटाबाहेर डोकं कोण काढणार?

नीट निवडलेली लहान जागा काय करते ते १५९३ च्या सुरुवातीला हेंगजूला दिसलं. हान नदीकाठची टेकडी, मातीचा जुना बांध आणि त्यावर लाकडी खुंटांचं दुहेरी कुंपण. आत क्वॉन यूलची सुमारे २,३०० माणसं, बाहेर सुमारे ३०,००० जपानी. तिथं ‘ह्वाचा’ कामी आली. १४५१ मधल्या रचनेत या दोन चाकी गाड्यावर एकतर शंभर अग्निबाणांची चौकट बसे, नाहीतर पन्नास नळ्या. प्रत्येक नळीत चार बाण, म्हणजे एका वेळी दोनशे. कुंपण जळालं, फुटलं, पण शत्रूला दिवसभरात टेकडी घेता आली नाही. बायकांनी ओच्यातून दगड पुरवले म्हणून कोरियन एप्रनला ‘हेंगजू छिमा’ नाव पडलं, ही कथा सांगितल्याशिवाय तिथला वाटाड्या सोडत नाही. गोड कथा आहे, पण तो शब्द युद्धाच्या आधीच्या ग्रंथांतही सापडतो.

(दृश्य : ह्वानदो, म्यानात. हात हळूच ती कमरेवर फिरवतो.)

आता तलवार. १४५१ मध्ये राजा मुनजोंगच्या दरबारी मापं ठरली. पायदळाच्या ह्वानदोचं पातं १ चक, ७ छोन, ३ फुन (दहा फुनांचा एक छोन, दहा छोनांचा एक चक). मूठ दोन मुठींची. घोडेस्वाराचं पातं १ चक ६ छोन आणि मूठ एक मूठ तीन बोटं. कोणती मोजपट्टी धरायची त्यावर हिशेब थोडा बदलतो, पण पायदळाचं पातं जेमतेम ५४ ते ६० सेंटिमीटर. आखूडच. कारण हे धनुर्धराचं जोडहत्यार होतं. भाता रिकामा झाला, शत्रू तट चढून आला, तेव्हा काढायचं.

म्हणूनच ती टांगायची रीतही धनुर्धराची. म्यानाला दोन कड्या, कड्यांना दोऱ्या, आणि दोऱ्या एकत्र येतात त्या लहानशा धातूच्या पट्टीपाशी, ‘तिदोन’पाशी. ही पट्टी कमरबंदाला अडकते आणि फिरते. मूठ मागे ठेवली की प्रत्यंचा ओढताना ती हाताला आडवी येत नाही. धनुष्य सोडलं की डाव्या हातानं म्यान गर्रकन फिरवायचं, मूठ पुढे येते, उजव्या हातानं उपसायची. घोडा उधळला तर तलवार म्यानातून घरंगळू नये म्हणून म्यानाच्या तोंडाशी लहान खिट्टी असते. अंगठ्यानं दाबल्याशिवाय पातं सुटत नाही. ही खिट्टी झिजली की दोन धोके : एकतर ती धरत नाही, नाहीतर नको त्या क्षणी सोडत नाही.

जपानी तलवारीपुढे ही ह्वानदो तोकडी पडली. तिथं तलवार हातघाईचंच हत्यार, पातं लांब आणि पकड दोन हातांची. मग युद्ध चालू असतानाच प्रशिक्षणाची सरकारी छावणी उघडली, चिनी सेनापती छी जिग्वांगच्या ग्रंथावरून कवायत बसवली आणि शरण आलेल्या जपान्यांकडूनही हात शिकून घेतले. १५९८ च्या पुस्तिकेत सहा हत्यारं आहेत. त्यातलं एक ‘नांगसॉन’ म्हणजे फांद्या तशाच ठेवलेला लांब बांबू. दिसायला झाडू, पण तलवारवाला त्या फांद्यांत अडकला की शेजारचा भालाईत त्याला गाठतो. मला स्वतःला त्या युद्धातलं हे सगळ्यात हुशार हत्यार वाटतं.

सगळ्या तलवारी लढायला नव्हत्या हेही ध्यानात ठेवा. नौदलप्रमुख ई सुन-शिनच्या आसानला जपलेल्या दोन तलवारी जवळपास दोन मीटर लांब आहेत. त्या कमरेला लावून कोणी जहाजावर धावत नाही. पात्यावर शपथेच्या ओळी कोरल्यात. ‘साइंगम’ तर वाघाच्या वर्षी, वाघाच्या महिन्यात, वाघाच्या दिवशी, वाघाच्या प्रहरी घडवायची. म्हणजे बारा वर्षांतून एकदा संधी. अंगावर नक्षत्रं जडवलेली, काम अरिष्ट टाळण्याचं.

(दृश्य : सुवॉनचा ह्वासॉंग किल्ला. विटांचा टेहळणी मनोरा.)

१६३६ च्या हिवाळ्यात मांचू फौज आली आणि राजा इंजो नामहानच्या गडात शिरला. तट शाबूत राहिला. धान्य संपलं, मदतीला येणाऱ्या फौजा वाटेतच मोडल्या, आणि राजघराण्याची माणसं जिथं ठेवली होती ते गांगह्वा बेट पडलं. ४७ दिवसांनी राजानं गडाखाली उतरून गुडघे टेकले.

दीडशे वर्षांनी राजा जॉंगजोनं तलवार आणि तट दोन्ही एकदम हाती घेतले. त्याचे वडील, युवराज सादो, यांनी १८ युद्धकलांचा ग्रंथ करवून घेतला होता. १७६२ मध्ये जॉंगजोच्या आजोबांच्या हुकमानं ते तांदळाच्या पेटीत कोंडले जाऊन मेले. मुलानं १७९० मध्ये त्यात सहा घोड्यावरच्या कला घालून २४ कलांचा सचित्र ग्रंथ काढला. त्यात जपानी तलवारीचे हातही मोकळेपणानं घेतले. वडिलांची समाधी सुवॉनजवळ हलवली आणि १७९४ मध्ये तिथं ह्वासॉंग बांधायला घेतला.

जॉंग याक-योंग या तरुण विद्वानानं आराखडा केला. तट सुमारे ५.७ किलोमीटर, बाहेरून दगड, आतून मातीचा उतार, म्हणजे तोफेचा दणका माती गिळते. चर्यांच्या प्रत्येक भागाला तीन जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं : कडेच्या दोन लांबच्या माऱ्याला, मधली तीव्र उतरती, पायथ्यासाठी. ची बुरजाच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभी चीर, तिच्यातून खालच्यांवर उकळतं पाणी ओतायचं. दगड उचलायला त्याची ‘गॉजुंगी’ : वर चार कप्प्या, खाली चार, दोन्ही बाजूंना दोर गुंडाळायचे रहाट. अहवालात नोंद आहे की ३० माणसांनी १२,००० गुन, म्हणजे सुमारे सात टन, वजन उचललं. मजुरांना रोज मिळत होता. दहा वर्षांचं धरलेलं काम पावणेतीन वर्षांत उरकलं.

हा सगळा हिशेब, यंत्रांच्या चित्रांसह, १८०१ मध्ये छापला गेला. विसाव्या शतकात जपानी वसाहतकाळात आणि कोरियन युद्धात किल्ल्याची पडझड झाली, तेव्हा १९७५ पासून त्याच ग्रंथावरून तो पुन्हा उभारला. १९९७ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतला.

एक चूक मात्र तशीच नोंदली गेली. शत्रूनं दरवाजा पेटवला तर वरून पाणी सोडायला रांजण-भिंतीवर पाच भोकांची टाकी असते. भोकं सरळ खाली हवीत, म्हणजे पाणी थेट फळ्यांवर पडतं. जॉंग याक-योंगनं नंतर लिहिलं की देखरेख करणाऱ्यानं नुसतं चित्र बघितलं आणि भोकं आडवी पाडली.

(दृश्य : पाल्दालमुन दरवाजा. दगडात कोरलेली अक्षरं, हळूहळू जवळ.)

याच दक्षिण दरवाज्याच्या दगडात काम करवून घेणाऱ्यांची आणि पाथरवटांच्या मुकादमाची नावं कोरलेली आहेत.