बारा वाजता सूर्य कुठे असतो?

जेवणानंतरचं व्याख्यान माझ्या वाट्याला आलंय, तेव्हा डुलक्या येणार हे धरूनच बोलते. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. दुपारी बारा वाजता सूर्य कुठे असतो?

बघा, निम्मा हॉल ‘डोक्यावर’ म्हणाला. मीही अकरा वर्षं हेच शिकवलं. मग एका डिसेंबरात मैदानावर कवायत चालली होती. मधल्या सुट्टीची वेळ झालेली, साडेबारा वाजत आले होते. माझं लक्ष ध्वजस्तंभाच्या सावलीकडे गेलं. ती चांगली लांबलचक, जवळजवळ स्तंभाएवढी, उत्तरेकडे पसरली होती. तो स्तंभ मी रोज बघत होते, त्याची सावली मात्र कधीच बघितली नव्हती. भूगोलाची शिक्षिका हो मी!

हिशेब साधा आहे. पुणे साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमाराला सूर्य दक्षिणेला साडेतेवीस अंशांवर असतो. म्हणजे भर माध्यान्हीही तो आपल्या डोक्यापासून ४२ अंश कललेला. एक मीटरच्या काठीची सावली तेव्हा ९० सेंटिमीटर पडते. २१ जूनला उलटं. सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला सरकतो आणि तीच सावली जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर, तीही दक्षिणेकडे. या दोन टोकांच्या मधे सूर्य वर्षातून दोनदाच बरोब्बर डोक्यावर येतो. पुण्यात १३-१४ मे आणि ३० जुलैच्या आसपास. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याला हे भाग्य आहे. दिल्लीकरांच्या डोक्यावर सूर्य कधीच येत नाही. ‘सूर्य डोक्यावर आला, आता जेवून घ्या’ असं आजी म्हणते, तेव्हा ती चुकत नाही, ती वेळ सांगते. चुकतो आपण, कारण त्या वाक्यालाच आपण विज्ञान समजून बसतो.

आता घड्याळाचं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची. पुणे ७३.८५ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे माध्यान्ह साधारण ३५ मिनिटं उशिरा होते. त्यातही वर्षभरात पंधरा मिनिटांच्या आसपास मागेपुढे होतं, ते आज सोडून देऊ. मुद्दा असा की बारा वाजता आपल्याकडे दुपार अजून ‘व्हायची’ असते. इतिहासाच्या शिक्षकांनी इथे कान टवकारावेत. प्रमाणवेळ १९०६ सालापासून आहे, पण मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटं मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५पर्यंत टिकून होती. घड्याळात किती वाजले हे आकाश ठरवत नाही, माणसं ठरवतात, आणि त्यावर भांडतातही. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

दिशांचंही असंच. नकाशा भिंतीवर टांगला की ‘उत्तर कुठे?’ विचारल्यावर मुलं छताकडे बोट दाखवतात. हसू नका, आपणच ‘वर उत्तर, खाली दक्षिण’ घोकून घेतलंय. नकाशा एकदा जमिनीवर अंथरा. आणि अंथरायच्या आधी उत्तर शोधा, मोबाईलमधल्या होकायंत्राशिवाय. सपाट जागी काठी रोवा. ती सरळ आहे का, हे गवंड्याच्या ओळंब्यानं तपासा, नाहीतर सगळंच तिरकं होतं. काठीभोवती दोरीनं वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदीच्या मोजमापांच्या प्राचीन ग्रंथात, वेदी मांडण्यासाठी हीच रीत दिली आहे. खर्च शून्य, आणि साहित्य मागवायला प्रस्ताव पाठवावा लागत नाही.

चित्रकलेचे शिक्षक मागे बसलेत, त्यांना वाटतंय आपला काय संबंध. मुलांचं ठरलेलं चित्र आठवा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नारळाचं झाड. सूर्य आहे, सावली नाही. लगेच ‘चूक’ म्हणू नका. आपल्या जुन्या लघुचित्रांतही जमिनीवर पडलेली सावली सहसा दिसत नाही. त्या चित्रकारांना ऊन कळत नव्हतं थोडंच! चित्रात कुठल्या क्षणाचा प्रकाश दाखवायचा, की दाखवायचाच नाही, हा निर्णय असतो. पण निर्णय घ्यायला आधी दिसायला हवं. सकाळी आठला अंगणात एक खुर्ची ठेवा, तिची सावली खडूनं गिरवून घ्या. दहाला पुन्हा, वेगळ्या रंगानं. मुलं खुर्ची विसरतात आणि सावल्यांचंच चित्र रंगवायला लागतात, हे मी बघितलंय.

एक तक्रार मात्र आहे. सूर्य बरोब्बर डोक्यावर आल्यानं उभ्या वस्तूची सावलीच दिसत नाही, तो शून्य सावलीचा दिवस. मे महिन्यातला उन्हाळी सुट्टीत येतो आणि जुलैतला ढगात जातो. सूर्यानं आपलं शालेय वेळापत्रक वाचलेलं नाही. म्हणून मी मुलांना सुट्टीला जाताना सांगायचे, तुमच्या गावच्या अंगणात उभी बाटली ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा.

बरं, आता तीन वाजत आलेत. बाहेर पायऱ्यांपाशी काठी आणि वर्तुळ बघितलंत ना? दहाच्या सुमाराला शिपाईदादांनी पहिली खूण केली आहे. सावली दुसऱ्या बाजूनं वर्तुळाला टेकायला आली असेल. चहा बाहेरच मागवलाय, चला.