मंडईत ठिय्या

(दृश्य : महात्मा फुले मंडई, पुणे. सकाळचे पावणेआठ. पाट्या उतरताहेत, हमालांची ये-जा.)

रविवारी सकाळी मंडईत पिशवीशिवाय आलेला माणूस लगेच ओळखू येतो. टिळकांच्या पुतळ्यापाशी असे दहा-पंधरा जण जमलेत. पाठीला सॅक, हातात घडीचं स्टूल. कॉलेजातली एक मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दोन आर्किटेक्ट, एक आई आणि तिचा सहावीतला मुलगा. फी नाही, फॉर्म नाही, हजेरी नाही. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर जागा आणि वेळ कळते. चित्रं काढायला जो येईल तो गटाचा.

पाच मिनिटांत सगळे पांगतात. ज्यानं त्यानं आपला कोपरा धरायचा आणि समोर दिसतं ते काढायचं. मोबाइलवर फोटो घेऊन घरी बसून काढायचं नाही, एवढीच अट.

जगभर ही अट पाळणारे गट आहेत. सिॲटलचे पत्रकार आणि चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ साली इंटरनेटवर अशा चित्रांसाठी एक गट सुरू केला, त्यातून ‘अर्बन स्केचर्स’ ही संस्था उभी राहिली. पण म्हणून हे परदेशी खूळ म्हणायचं कारण नाही. कोल्हापुरात चित्रकार आबालाल रहिमान हे रंकाळा नि कोटितीर्थ या तळ्यांच्या काठावर बसून रंगवत होते, त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. आपल्या कला महाविद्यालयांतली मुलं तर आजही ‘लँडस्केपला’ जातातच. नवीन काय असेल तर ते हे, की आता बँकेतले काकाही जातात.

(दृश्य : मंडईचा मनोरा, खालून वर. मग वहीच्या पानावर पेन्सिलीची पहिली रेघ.)

ही इमारत १८८६ सालची. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भरायचा. काळा दगड, गॉथिक धाटणी, मधोमध अष्टकोनी मनोरा. गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. नगरपालिकेत असताना जोतिराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं इमारतीला नाव मिळालं ते फुल्यांचंच! पुण्याचा इतिहास असा वळसा घेतल्याशिवाय पुढे सरकत नाही.

चित्रकाराला मात्र या इतिहासापेक्षा आठ कोन जास्त छळतात. चौकोनी इमारतीच्या दोन बाजू दिसतात, अष्टकोनाच्या तीन-चार, आणि प्रत्येक बाजू वेगळ्या रुंदीची. नवखा माणूस कळसापासून सुरुवात करतो, कौलं मन लावून काढतो, आणि कमानींपर्यंत येतो तेव्हा कागद संपलेला असतो. जुनी मंडळी आधी हात लांब करून पेन्सिलीवर माप घेतात : मनोरा एवढा, तर खालचं छप्पर त्याच्या किती पट? बरेच जण तर अख्खी मंडई काढायच्या भानगडीत पडत नाहीत. एक कमान, तिच्याखाली लसणाचा ढीग. पुरे.

बसायचं कुठं, यावरही चित्र ठरतं. उभं राहून काढलं, तर गर्दीतल्या जवळच्या आणि लांबच्या सगळ्यांची डोकी साधारण एका रेषेत येतात, फक्त पाय वर-खाली होतात. कारण ती रेषा आपल्याच नजरेची. जमिनीवर बसलं की रेषा खाली येते. मग गिऱ्हाइकं उंच होतात आणि गाळ्यावरच्या मावशी नजरेला नजर देऊन बसलेल्या दिसतात. मंडईचं चित्र बसूनच काढावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आपल्यापैकी अनेकांचं शेवटचं चित्र शाळेतल्या इंटरमिजिएट परीक्षेतलं असतं. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, नारळ. स्मरणचित्र म्हणून ते आपण पाठच केलं होतं. इथं पाठांतर कामाला येत नाही. समोरचा माणूस कोथिंबीर निवडता निवडता उठून जातो. मग त्याचं डोकं, दुसऱ्याचा हात आणि तिसऱ्याची टोपी जोडून एक गिऱ्हाईक तयार होतं. आठ वाजता डावीकडे पडलेली सावली साडेनऊला आखडते, म्हणून सावल्या आधी ठरवून टाकायच्या.

(दृश्य : रस्त्याच्या कडेला रांगेत बसलेले पाच-सहा जण. मागे बघ्यांची गर्दी.)

हे सगळं एकट्यानं येऊनही करता येईल. मग गट कशाला?

शहरात काही न करता एका जागी तासभर बसून दाखवा. दहाव्या मिनिटाला कुणीतरी विचारतं, ‘कोण पाहिजे?’ पुरुषाला एवढ्यावर सुटता येतं. एखादी बाई बाजारात फुटपाथवर एकटी बसली, तर येणारा-जाणारा दोनदा वळून बघतो. तिच्या डावी-उजवीकडे आणखी पाच जण वही घेऊन बसले की बघणाऱ्यांच्या नजरा माणसावरून कागदावर जातात. गटातली कॉलेजची मुलगी सांगते, मंडई तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, पण इथं ती कधी थांबली नव्हती. आईनं सांगितलेली भाजी घेतली की निघाली. गटात शिकवणारं कुणी नाही, चुका काढणारंही नाही. तिथं मिळतं ते हे बसण्याचं धाडस, आणि आमच्या मते बाकी सगळ्यापेक्षा तेच जास्त मोलाचं.

वॉचमन मात्र गटाकडेही संशयानं बघतात. एका कार्यालयाच्या फाटकासमोर मंडळी बसली, तर ‘परवानगी आहे का?’ असा प्रश्न आला. भिंतीचं चित्र काढायला परवानगी कुणाची घ्यायची, हे विचारणाऱ्यालाही सांगता येईना. गट उठून समोरच्या फुटपाथवर गेला आणि तिथून वॉचमनसकट फाटक काढलं.

मंडईत असला प्रश्न नाही. इथले प्रश्न वेगळे.

‘ह्याचे पैसे मिळतात का?’

‘फोटो काढला असता की, एका मिनिटात झालं असतं.’

आणि लिंबूवाल्या मावशी, वही हातात घेऊन : ‘नाक माझंच हाय, पण लिंबं कमी काढलीस बाळा.’

मुलानं तिथंच आणखी सहा लिंबं वाढवली. कॅमेरा रोखला की माणसं तोंड फिरवतात. वहीचं तसं होत नाही, कारण ती लगेच उलटी करून दाखवता येते.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. न पसरणाऱ्या शाईचं एक पेन, थोडी जाड पानांची वही, शाळेतल्या वड्यांच्या रंगांची पेटी, पाण्याची छोटी बाटली. महागड्या कागदाची भीती वाटते आणि हात आखडतो. पावसाळ्यात रंग वाळत नाही, तेव्हा दोन वह्या ठेवा.

(दृश्य : कट्ट्यावर ओळीनं उघड्या ठेवलेल्या वह्या.)

दहा वाजले. वह्या शेजारी शेजारी मांडल्या जातात. एकाच मंडईच्या पंधरा मंडया. आर्किटेक्टच्या कमानी मोजून मापून बरोबर, पण माणूस एकही नाही. काकांचा मनोरा कललेला, गर्दी मात्र अशी की आवाज यावा. मुलाच्या पानभर लिंबं. वाहवा होते, कुणी ‘पेन कुठलं?’ विचारतं, कोपऱ्यात तारीख-ठिकाण लिहायचं राहिलेलं कुणीतरी लिहून घेतं. मग अमृततुल्यावर चहा आणि पुढच्या जागेवरून वाद. विश्रामबागवाड्याचा लाकडी सज्जा अनेकांना हवाय. काका तांबट आळीसाठी हटून बसलेत, कारण तिथले तांब्याची भांडी ठोकणारे हात एकाच लयीत चालतात आणि त्यामुळे काढायला सोपे जातात, असा त्यांचा दावा. दोन्ही आर्किटेक्टांना तो मान्य नाही.

शेवटी हात वर करून मतदान झालं. पुढचा रविवार, तांबट आळी, सकाळी साडेसात. बसायला जुनं वर्तमानपत्र ज्यानं त्यानं आणायचं.